बँड समोर वाजतो तेव्हा

ज्या वाद्यवृंदाच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या, ज्यातील वादकांची नावे तोंडपाठ झाली, पण ज्यांपैकी एकाचाही चेहरा कधी समोरून पाहिलेला नाही, तो वाद्यवृंद एके दिवशी आपल्याच गावात येऊन वाजविणार असल्याचे कळावे, यासारखे सुख रसिकाच्या वाट्याला फार वेळा येत नाही. या सुखाला आपण सहसा 'हौस' असे नाव देऊन बाजूला सारतो. हौस म्हणजे जिच्यावाचून अडत नाही अशी गोष्ट. संगीत घरबसल्या ऐकायला मिळत असताना रांगेत उभे राहण्याचा, पदरमोड करून तिकीट काढण्याचा आणि अपरात्री घरी परतण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. आता तर जगातील बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत खिशातील फोनमध्ये येऊन बसल्यामुळे हा प्रश्न अधिकच बिनतोड वाटू लागला आहे. त्याचे उत्तर सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष घडलेल्या रात्रीत शोधलेले बरे. सुदैवाने अशी एक रात्र बऱ्याच अंशी जतन होऊन राहिली आहे.

ती रात्र ७ नोव्हेंबर १९४० ची. अमेरिकेच्या उत्तरेकडील नॉर्थ डाकोटा राज्यात रेड नदीच्या काठी फार्गो नावाचे शहर आहे. गहू पिकविणारा, कडाक्याच्या थंडीचा हा मुलूख. तेथील क्रिस्टल बॉलरूम या नाचघरात त्या रात्री ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजविणार होता. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस हे दोन तरुण शेजारच्या साउथ डाकोटातून तेथे गेले. दोघेही एलिंग्टनच्या तबकड्यांचे निस्सीम भक्त. फिरत्या तबकडीवर सुईने थेट चर कोरणारे एक यंत्र त्यांनी बरोबर नेले होते. मुद्रणाचा व्यापारी उपयोग करावयाचा नाही, या अटीवर त्यांना परवानगी मिळाली होती. मंचाजवळ मायक्रोफोन लावून, यंत्र एका बाजूस मांडून, एकामागून एक तबकड्या बदलीत ते दोघे रात्री उशिरापर्यंत बसले. त्यात पैसा मिळविण्याचा हेतू नव्हता, इतिहास घडविण्याची आकांक्षाही नव्हती. आवडता बँड आपण प्रत्यक्ष पाहिला, त्यातील काही अंश घरी नेता यावा, एवढीच इच्छा होती. हे मुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास १९७८ साल उजाडावे लागले आणि १९८० मध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एलिंग्टनचे नाव आज विसाव्या शतकातील थोर रचनाकारांच्या मालिकेत घेतले जाते, त्याच्या रचनांवर प्रबंध लिहिले जातात. त्यामुळे फार्गोची ती रात्र म्हणजे एखादी गंभीर संगीतसभा असावी, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ती नाचाची रात्र होती. लोक जोडीने आले होते ते नाचण्यासाठी. एलिंग्टनचा बँड पोट भरीत होता तो अशाच एकेका रात्रीच्या कार्यक्रमांवर. आज या गावी, उद्या शे-दोनशे मैलांवरच्या दुसऱ्या गावी, असा त्याचा वर्षभराचा क्रम असे. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉटन क्लबमध्ये त्याचा बँड वाजवू लागला आणि तेथून रेडिओवरून त्याचे नाव देशभर पसरले. त्या क्लबात मंचावरचे सगळे कलावंत कृष्णवर्णीय असत, आणि प्रेक्षागृहात मात्र प्रवेश गोऱ्यांनाच. पुढे दक्षिणेकडील राज्यांत दौरा करावयाचा झाल्यास बँडला स्वतःचे रेल्वेचे डबे भाड्याने घ्यावे लागत, कारण ज्या शहरातील लोक त्याच्या सुरांवर नाचत, त्याच शहरातील हॉटेले त्या वादकांना खोली देत नसत. रसिकांच्या सुखाची ही बाजू सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

तबकड्यांच्या भक्ताला फार्गोत निराश होण्यास पुरेसे कारण होते. एलिंग्टनच्या ट्रंपेटवादकांतील कूटी विल्यम्स हा बिनीचा गडी नुकताच बेनी गुडमनच्या बँडमध्ये निघून गेला होता, आणि त्याच्या जागी आलेला रे नान्स अगदी नवखा होता. घरी ऐकलेल्या तबकडीत ज्या जागी विल्यम्सचा गुरगुरणारा ट्रंपेट येतो, त्या जागी आता दुसराच माणूस उभा राहणार होता. ज्याला तबकडीची बरहुकूम नक्कल हवी असेल, त्याने त्या रात्री घरीच बसावे हे श्रेयस्कर! परंतु मुद्रण ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते ते असे की, नवख्या माणसामुळे सगळा बँडच कान टवकारून वाजवीत आहे. जे पाठ झालेले होते ते पुन्हा नव्याने जमवावे लागत आहे.

शिवाय तबकडीचा स्वतःचा एक जाच होता. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. 'को-को', 'कॉटन टेल', 'हार्लेम एअर शाफ्ट' ही एलिंग्टनची त्याच वर्षी मुद्रित झालेली प्रख्यात चिजा याच चौकटीत बसविलेल्या आहेत, आणि त्या चौकटीत त्याने जे साधले ते अद्भुतच आहे. परंतु नाचघरात घड्याळ निर्मात्याच्या हाती नसते. जोडप्यांना आणखी एक फेरा हवा असतो, वादकाला आणखी एक कल्पना सुचलेली असते, आणि एलिंग्टन पियानोवरून मान हलवून त्याला पुढे जाऊ देतो. त्या रात्री बेन वेबस्टरने टेनर सॅक्सोफोनवर 'स्टारडस्ट' वाजविले. होगी कारमायकेलचे हे गाणे तेव्हा इतके लोकप्रिय होते की, ते कोणत्या बँडने वाजविले नव्हते हेच सांगणे कठीण. परंतु वेबस्टर ते हळूहळू, श्वासाच्या घरघरीसकट, एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसे सांगत जातो. त्याच्या मागे बावीस वर्षांचा जिमी ब्लँटन डबल बेसच्या जाड तारा छेडतो आहे. तोवर केवळ ठोका धरण्याचे काम करणाऱ्या त्या बोजड वाद्याला ज्याने बोलते केले, तो हा मुलगा १९४२ मध्ये क्षयाने वारला. फार्गोतील नाचणाऱ्यांना याची काय कल्पना असणार? त्यांनी त्याला ऐकले, बहुधा फारसे लक्षही न देता, आणि ते त्याच्या तालावर पावले टाकीत राहिले.

ऐकण्याइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व पाहण्याला आहे. आणि नेमके तेच टॉवर्स-बरिस यांच्या यंत्राला घरी नेता आले नाही. एलिंग्टनच्या तबकड्या ऐकताना मध्येच कोणी मनुष्य शब्दांवाचून विव्हळतो, चिडतो, लाडीगोडी लावतो असा भास होतो. हा आवाज ट्रिकी सॅम नँटनच्या ट्राँबोनचा. तो काढण्याचे साधन कोणते? तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी वापरतात तो रबरी टोप! डाव्या हाताने तो टोप वाद्याच्या तोंडावर उघडझाप करीत नँटन हा चमत्कार घडवीत असे. तबकडी शंभर वेळा ऐकूनही जे कोडे सुटत नाही, ते समोर उभे राहिल्यावर एका क्षणात सुटते. आणि गंमत अशी की, ते सुटल्यावर आवाजातील जादू कमी होत नाही, उलट दुणावते. जॉनी हॉजेसचे उदाहरण याच्या उलट. त्याच्या आल्टो सॅक्सोफोनचा सूर मधासारखा ओघळणारा, ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालणारा. आणि वाजविताना त्याचा चेहरा मात्र बँकेत रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थासारखा निर्विकार. हे दृश्य ज्याने पाहिले त्याला पुढे आयुष्यभर हॉजेसची तबकडी निराळी ऐकू आली असली पाहिजे. मागे उंचावर सॉनी ग्रिअर, ड्रम, घंटा आणि थाळ्यांच्या तटबंदीआड बसलेला.

एलिंग्टन आपल्या वादकांसाठी सुरावटीचे जे कागद लिहीत असे, त्यांवर 'पहिला सॅक्सोफोन', 'दुसरा ट्राँबोन' असे न लिहिता त्या त्या माणसाचे नाव लिहिलेले असे. वाद्यासाठी नव्हे, माणसासाठी लिहिणारा हा रचनाकार होता. मग अशा बँडचे संगीत माणसे न पाहता ऐकणे म्हणजे नाटक केवळ संहितेवरून वाचण्यासारखे आहे. वाचन वाईट नाही. पण नाटक तेवढेच असते असे कोण म्हणेल?

नाचणाऱ्यांचा या साऱ्यात किती वाटा असतो, हे हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूमच्या इतिहासावरून समजते. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या नाचघरात कॉटन क्लबसारखी वर्णाची अट नव्हती. तेथे दोन मंच शेजारीशेजारी होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणजे संगीतात खंड नाही. तेथील नाचणारे इतके तयारीचे की, बँडचा ताल रेसभर ढिला पडला तरी ते पायांनी कबूल करीत नसत. ११ मे १९३७ रोजी या दोन मंचांवर बेनी गुडमन आणि चिक वेब यांचे बँड समोरासमोर उभे ठाकले. गुडमन त्या वेळी देशातील सर्वांत लोकप्रिय बँडचा नायक. वेब हा सॅव्हॉयचा घरचा माणूस, लहानपणीच्या आजाराने पाठीला बाक आलेला, बुटका, पण ड्रमवर बसला की आकाशाएवढा. त्या रात्री वेबने बाजी मारली आणि गुडमनचा ड्रमवादक जीन क्रुपा याने त्याला वाकून मुजरा केला, ही गोष्ट जाझच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. निकाल देणारे परीक्षक कोण? नाचणारी हजारो माणसे. असा न्याय तबकडीच्या खपावरून होत नाही.

खुद्द गुडमनला हा धडा दोन वर्षे आधी मिळाला होता. १९३४ च्या डिसेंबरपासून 'लेट्स डान्स' या शनिवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात त्याचा बँड शेवटी वाजवीत असे. न्यूयॉर्कमध्ये तोवर बहुतेक श्रोते झोपी गेलेले असत. १९३५ च्या मे महिन्यात कार्यक्रम बंद पडला आणि बँड पश्चिमेच्या दौऱ्यावर निघाला. वाटेत डेन्व्हरला लोकांनी त्याच्या नव्या ढंगाच्या संगीताकडे पाठ फिरविली. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये पोहोचेपर्यंत वादकांचा धीर खचला होता. सुरुवातीस त्यांनी बेताच्या, कोणालाही न दुखविणाऱ्या सुरावटी वाजविल्या. लोक थंड. तेव्हा, बुडायचेच असेल तर आपले आवडते वाजवून बुडू, या विचाराने फ्लेचर हेंडरसनच्या जोरकस रचना काढण्यात आल्या. आणि नाचणारे नाचणे थांबवून मंचाभोवती गर्दी करू लागले. घडले होते ते एवढेच की, कॅलिफोर्नियाचे घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे असते. तिकडे जे मध्यरात्रीनंतर वाजत होते, ते इकडे ऐन संध्याकाळी घराघरांत पोरे ऐकत होती. या तरुणांना बँड माहीत होता. बँडला मात्र ते माहीत नव्हते. रसिकाला आवडता बँड दिसण्याचा आनंद आपण समजू शकतो. त्या रात्री बँडला आपला रसिक प्रथमच दिसला, हा त्याच आनंदाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो नेहमी विसरला जातो.

मराठी वाचकाला ही देवघेव अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपल्या संगीत रंगभूमीवरील 'वन्स मोअर' ही दुसरी काय होती? बालगंधर्वांच्या तबकड्यांनाही तीच तीन मिनिटांची बेडी होती. नाट्यगृहात मात्र एकाच पदाला पुनःपुन्हा 'वन्स मोअर' पडत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबत असे. आणि नाचाच्या बँडचेच म्हणावयाचे तर मुंबईला त्याचा इतिहास स्वतःचा आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्या सुमारास आणि त्यानंतर मुंबईच्या हॉटेलांतील बँड गोव्याच्या वादकांनी भरलेले होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही मुले. हळदोणे गावचा आंतोनियो शावियर वाझ हा त्यांतलाच. 'चिक चॉकलेट' या नावाने त्याने मुंबई गाजविली. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्याची ख्याती झाली. सी. रामचंद्रांच्या संगीतात या मंडळींच्या ट्रंपेट-सॅक्सोफोनचा जो झणझणीतपणा आहे, त्याचे मूळ या रात्रीच्या नाचांत आहे. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतील रात्री ओसरू लागल्या आणि हे वादक अधिकाधिक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरले. त्यांचे वादन मग कोट्यवधी लोकांनी ऐकले, पण त्यांना पाहिले कोणी? पडद्यावर नट ओठ हलवीत असे, ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव असे, आणि ट्रंपेटवाला निनावी राही.

प्रत्यक्ष कार्यक्रम म्हणजे सारे काही उत्तमच, असे अर्थात कोणी म्हणू नये. आगाऊ मुद्रित केलेल्या पट्टीवर ओठ हलविणारे 'लाइव्ह' गायक, व्यासपीठ दिसत नाही म्हणून अवाढव्य पडद्याकडे तोंड करून बसलेले पंचवीस हजार लोक, आणि स्वतः न पाहता फोन उंचावून चित्रण करणारे हात, हा प्रकार पाहिला म्हणजे घरची तबकडी शतपट बरी वाटते. (टॉवर्स आणि बरिस यांनीही मुद्रणच केले होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु ते तबकड्या बदलीत होते तेव्हा बाकीचे फार्गो नाचत होते.) तसेच आपल्याकडील वरातींत आणि मिरवणुकांत बँडवाल्यांची जागा ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी घेतली, त्याबद्दल तक्रार होते ती केवळ गोंगाटाची. गोंगाट तर बँडचाही होतोच. परंतु क्लॅरिनेट वाजविणारा बँडवाला नवरदेवाच्या थकलेल्या मामाकडे पाहून ठेका बदलतो, लहान पोरांनी फेर धरला की तेच कडवे पुन्हा घेतो. भिंतीला डोळे नसतात. आणि त्या बँडवाल्याच्या घरी त्या रात्रीची जी बिदागी जाई ती आता जात नाही, ही गोष्ट ध्वनिप्रदूषणाच्या चर्चेत कोठेच येत नाही.

प्रश्न शेवटी पैशाचाच आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकडी एकदा वाजवून द्यावयाची आणि मग तीच तबकडी गावोगावच्या वादकांची पोटे मारावयाची, हे चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या कंपन्यांनी नमते घेण्यास १९४४ चा नोव्हेंबर यावा लागला. प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम एका निधीत जमा होऊ लागली, आणि पुढे अशाच निधीतून लोकांसाठी विनामूल्य प्रत्यक्ष कार्यक्रम होऊ लागले. तबकडीच्या नफ्यातून जिवंत संगीताला वाटा देण्याची ही कल्पना आजही विचार करण्याजोगी आहे. जी ध्वनिवाहिनी आज दर महिन्याला घरोघरून वर्गणी गोळा करते, तिच्याकडून अशी मागणी करण्याचे आपल्याकडे कोणाच्या मनातही आलेले नाही. बहिष्काराने बँड वाचले मात्र नाहीत. वादक मुद्रणगृहाबाहेर असताना एकटे गायक पुढे सरसावले. युद्धानंतर खर्च वाढले, लोक घरी बसू लागले, आणि १९४६ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या आत गुडमनसह अनेक नामवंतांनी आपले बँड मोडले.

एलिंग्टनने मोडला नाही. त्यालाही पंधरा-सोळा माणसांचे पगार परवडत नव्हते. नाचघरे बंद होत होती, मागणी घटली होती. तरी आपल्या गाण्यांच्या मानधनाचे जे उत्पन्न येई ते तो बँडच्या पगारात घालीत राहिला. रात्री लिहिलेले दुसऱ्या दिवशी त्याच माणसांकडून वाजवून घेऊन ऐकता यावे, यासाठी. आवडता बँड समोर वाजताना ऐकण्याचे व्यसन त्याच्याइतके कोणाला नसेल. त्यासाठी त्याने आयुष्यभर तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले असेच म्हणावे लागेल. १९६३ मध्ये तोच बँड घेऊन तो भारतातही आला होता. दिल्लीत आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला, तरी दौरा चालू राहिला, आणि मुंबईच्या रसिकांनाही त्यांच्या तबकड्यांतील माणसे पाहावयास मिळाली. या प्रवासातून उतरलेल्या त्याच्या 'फार ईस्ट स्वीट' या रचनेत एक तुकडा दिल्लीच्या मैनेवर आहे आणि एक आग्र्यावर.

त्या दौऱ्यात बॅरिटोन सॅक्सोफोन घेऊन बसलेला हॅरी कार्नी फार्गोलाही होता. तो १९२७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना बँडमध्ये आला होता. पुढच्या काळात बाकीचे वादक बसने जात, आणि एलिंग्टन मात्र कार्नीच्या मोटारीत त्याच्या शेजारी बसून एका गावाहून दुसऱ्या गावी रात्रीचा प्रवास करी. २४ मे १९७४ रोजी एलिंग्टन वारला. कार्नी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेला.